सत्ता नाही, तर मग राजकन्या करते काय?

राज्यकारभारात काही अधिकार नसताना राजकन्या नुसत्या फिती कापायला आणि फोटोपुरती असते का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं युरोपातल्या राजघराण्यांबद्दल वाचतेय. माझं मत वेगळं आहे, आणि ते स्वीडनच्या राजाची थोरली मुलगी आणि गादीची वारस असलेल्या व्हिक्टोरियाकडे बघून झालंय.

अधिकार नाहीत हे मात्र अगदी खरं. १९७४ च्या राज्यघटनेने राजाकडे कायद्यावर सही करायचंही काम ठेवलं नाही; पंतप्रधानपदासाठी नाव सुचवतो तो संसदेचा सभापती. राजा परदेशी गेला की व्हिक्टोरिया त्याच्या जागी कारभार बघते, पण तोही औपचारिकच.

तिचं वारस होणंच मुळात वेगळं. जन्म १४ जुलै १९७७ चा. मे १९७९ मध्ये भाऊ झाला, कार्ल फिलिप, आणि मुलगा म्हणून युवराज तोच. पुढे १ जानेवारी १९८० पासून नियम बदलला: मुलगा असो वा मुलगी, थोरलं मूल वारस. सात महिन्यांच्या बाळाचा मान अडीच वर्षांच्या ताईकडे आला. आधीच जन्मलेल्या मुलाला हा नियम लावणं खुद्द राजाला पटलं नव्हतं. म्हणजे कळायला लागायच्या आतच हिच्या आयुष्याचं ठरून गेलं होतं.

त्या ओझ्याची किंमतही दिसली. १९९७ मध्ये राजवाड्याने जाहीर केलं की तिला खाण्याशी निगडित आजार आहे. वय अवघं वीस, आणि हाडं दिसणारे तिचे फोटो सगळीकडे छापून येत होते. ती अमेरिकेला गेली, उपचार घेतले, येल विद्यापीठात शिकली. नंतर या आजाराबद्दल ती स्वतः उघडपणे बोलली. घरात तोच त्रास सोसणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईला हे ऐकून केवढा धीर आला असेल! हे काम मंत्र्याला जमणारं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार भिडते. तिला माणसांचे चेहरे लक्षात ठेवणं जड जातं, हे तिनेच सांगितलंय. जिचं कामच माणसांना भेटण्याचं, तिला समोरचा ओळखीचा की नवखा हेच पटकन उमगत नाही! तरी ती भेटत राहते. दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तिच्या नावाचा निधी १९९७ पासून, म्हणजे ती स्वतः आजारी होती त्याच वर्षापासून, चालू आहे.

तिची मुलगी एस्टेल २०१२ मध्ये जन्मली. तिच्यामागून भाऊ आला, ऑस्कर. या वेळी वारस बदलला नाही.