संगणक-शंका : सेव्ह होताच चालणाऱ्या आज्ञा

या महिन्यातील टपालात सीमाभागातून आलेली तीन पत्रे एकाच विषयावरची निघाली. व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये एखादी घटना घडताच ठरवून दिलेली आज्ञा आपोआप चालवण्याची जी सोय आहे, तिला ऑटोकमांड म्हणतात, आणि तिन्ही वाचकांची अडचण तिच्याशी निगडित आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात.

प्रश्न : बेळगावातील शहापूर भागात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल यांचा मराठी-कन्नड मजकूर आम्ही लिनक्सवर व्हिममध्ये तयार करून मग मांडणीला देतो. फाइल सेव्ह करताना ओळीअखेरच्या मोकळ्या जागा निघून जाव्यात आणि सेव्ह झाल्यावर तिची एक प्रत दुसऱ्या फोल्डरात जावी, अशा ऑटोकमांड मी लिहिल्या आहेत. सकाळी फाइल चटकन सेव्ह होते, दुपारी मात्र त्यालाच सात-आठ सेकंद लागतात, आणि व्हिम बंद करून पुन्हा उघडले की सारे पूर्ववत होते. संगणक बदलण्याची वेळ आली आहे काय? माझी व्हिमआरसी फाइल, म्हणजे व्हिम सुरू होताना वाचतो ती मांडणी-आज्ञांची फाइल, सोबत पाठवत आहे. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : संगणक बदलू नका. दोष आपल्या फाइलीच्या तिसऱ्या नियमात आहे, ज्याचा उल्लेख आपण पत्रात केलेला नाही. व्हिमआरसी सेव्ह झाली की ती लगेच पुन्हा वाचली जावी, असा तो नियम आहे. सोय म्हणून तो उत्तम, आणि पुष्कळ लोक तो वापरतात. मात्र व्हिमची एक रीत लक्षात न घेता तो लिहिला, तर तोच नडतो.

ऑटोकमांडच्या ओळीत तीन गोष्टी असतात : घटना, फाइलीच्या नावाचा नमुना आणि आज्ञा. बफराइटप्री ही घटना फाइल डिस्कवर लिहिली जाण्याच्या अगदी आधी घडते, बफराइटपोस्ट ही लिहून झाल्यावर. आता रीत अशी की, अशी ओळ वाचताना तोच नियम आधीपासून आहे की नाही हे व्हिम पाहत नाही. तो नवा नियम मुकाट्याने यादीच्या शेवटी जोडतो. त्यामुळे व्हिमआरसी दुसऱ्यांदा वाचली गेली की प्रत्येक नियम दोनदा नोंदला जातो, आणि त्यात ‘पुन्हा वाचा’ हा नियमही आलाच. पुढच्या वेळी आपण व्हिमआरसी सेव्ह केलीत की ती दोनदा वाचली जाते आणि दोनाचे चार होतात, त्यापुढे आठ, सोळा. एकाच बैठकीत व्हिमआरसीत दहा वेळा किरकोळ बदल करून ती सेव्ह केली असेल, तर प्रत्येक नियमाच्या १,०२४ नोंदी झालेल्या असतात, आणि मग लग्नपत्रिकेची चार ओळींची फाइल सेव्ह करतानाही मोकळ्या जागा १,०२४ वेळा शोधल्या जातात व तितक्याच वेळा प्रत काढली जाते. व्हिम बंद केला की ही यादी स्मृतीतून जाते, म्हणून सकाळी सारे सुरळीत वाटते.

याची खात्री आपणच करून घ्यावी. दुपारी वेग मंदावला की कोलन देऊन ‘ऑटोसीएमडी बफराइटपोस्ट’ एवढेच टंकित करा. त्या घटनेवर टांगलेले सर्व नियम पडद्यावर येतील आणि प्रत काढण्याची ओळ पानामागून पान भरून दिसेल. याच आज्ञेच्या आधी ‘व्हर्बोज’ लावले, तर प्रत्येक नियम कोणत्या फाइलीतून आला हेही कळते. बाहेरून आणलेले प्लगिन, म्हणजे व्हिमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बसवले असतील, तर ही माहिती फार उपयोगी पडते.

उपाय तीन ओळींचा आहे. नियमांच्या आधी ‘ऑगग्रुप छापखाना’ अशी ओळ लिहून त्यांना एका गटात घाला. तिच्या लगेच खाली उद्गारचिन्हासह ‘ऑटोसीएमडी!’ एवढेच लिहा, म्हणजे त्या गटातले जुने नियम पुसले जातील. त्यानंतर आपले नियम येऊ द्या आणि शेवटी ‘ऑगग्रुप एन्ड’ने गट मिटवा. आता फाइल कितीही वेळा वाचली गेली, तरी प्रत्येक नियम एकदाच राहील. दोन पथ्ये मात्र पाळावीत. उद्गारचिन्हाची ओळ गटाच्या बाहेर लिहिली गेली, तर गटात नसलेले सगळेच नियम, म्हणजे आपण न लिहिलेलेही, पुसले जातात आणि प्लगिन किंवा मजकुराचे रंग अचानक बंद पडू शकतात. दुसरे असे की, हा बदल केल्यावर व्हिम एकदा बंद करून उघडावा, कारण आधीच साठलेले नियम कोणत्याही गटात नसल्याने नव्या गटाच्या पुसण्यात ते सापडत नाहीत. आपण पुढेमागे निओव्हिम या व्हिमपासूनच निघालेल्या एडिटरकडे वळलात आणि नियम लुआ भाषेत लिहिलेत, तर तेथे गट तयार करणारे फंक्शन जुने नियम स्वतःच पुसते.

आपल्या फाइलीतील आणखी एका ओळीकडे लक्ष वेधणे भाग आहे, कारण ती वेळ खात नसली, तरी मजकूर बिघडवते. सेव्ह करण्याआधी ‘सर्व अदृश्य चिन्हे’ काढून टाकण्याचा नियम आपण सगळ्या फाइलींना लावला आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला आडवा अर्धा र काही कीबोर्डांवर र, हलंत आणि त्यापुढे झिरो-विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह देऊन उमटवला जातो. ते चिन्ह गेले की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, म्हणजे र डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि मुद्रितशोधकाला वाटते की टंकलेखनात चूक झाली. कन्नडातही हेच होईल : ‘राजकुमार’ हे नाव त्या लिपीत लिहिताना ज आणि क यांचे जोडाक्षर होऊ नये, म्हणून मध्ये झिरो-विड्थ नॉन-जॉइनर देतात. पत्रिकेवर वधूच्या मामांचे नाव असे बिघडून छापले गेले, तर दोष एडिटरला कोणी देणार नाही. ती ओळ काढून टाका. ओळीअखेरची जागा काढणारा आपला दुसरा नियम फक्त स्पेस आणि टॅब यांनाच हात लावतो. तो ठेवावा, पण सगळ्या फाइलींना लागू होणाऱ्या ताऱ्याच्या नमुन्याऐवजी टीएक्सटी फाइलींपुरताच, कारण मार्कडाउन या साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या लेखनपद्धतीमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेसना अर्थ असतो. त्या आज्ञेच्या आधी ‘कीपपॅटर्न्स’ लावले की आपण शेवटी शोधलेला शब्द पुसला जाणार नाही, आणि आधी ‘विनसेव्हव्ह्यू’ व नंतर ‘विनरेस्टव्ह्यू’ वापरल्यास कर्सर होता तेथेच राहील.

प्रश्न : मी निपाणीत राहतो आणि व्हिममध्ये इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहितो. मजकूर लिहिण्याच्या इन्सर्ट मोडमधून एस्केप दाबून आज्ञा देण्याच्या नॉर्मल मोडमध्ये आलो की कीबोर्ड मराठीतच राहतो आणि एकही आज्ञा चालत नाही. इन्सर्ट मोड सोडताना घडणाऱ्या इन्सर्टलीव्ह या घटनेवर कीबोर्ड इंग्रजी करणारी ऑटोकमांड मी लिहिली, पण ती कधी चालते, कधी चालत नाही. काही फाइली मी कन्नडातही लिहितो, तेथे गोंधळ आणखी वाढतो. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : ज्याने इनस्क्रिप्टवर व्हिम चालवला आहे, त्याला हे दुखणे सांगावे लागत नाही. खाली जाण्यासाठी जे दाबावे तर र येतो, वर जाण्यासाठी के दाबावे तर क, आणि ओळ पुसायला डी दोनदा दाबावे तर दोन हलंत. व्हिमला यातले काहीच कळत नाही.

नियम कधी चालतो आणि कधी नाही, याचे कारण बहुधा आपल्या बोटांच्या सवयीत आहे. इन्सर्ट मोडमधून बाहेर पडण्यासाठी अनेक जण एस्केपऐवजी कंट्रोल-सी दाबतात, आणि कंट्रोल-सीने बाहेर पडल्यास इन्सर्टलीव्ह ही घटना घडतच नाही. व्हिमच्या मदतपुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले आहे. सवय मोडवत नसेल, तर इन्सर्ट मोडपुरती कंट्रोल-सीची एस्केपशी जोडणी करून टाकावी.

कन्नडाचा प्रश्न थोडा विचार करून सोडवावा लागतो. आपल्या यंत्रावर आयबस ही लिनक्सवरील कीबोर्ड बदलण्याची व्यवस्था असेल, तर ‘आयबस इंजिन’ ही आज्ञा नुसती दिली असता सध्याच्या कीबोर्डचे नाव सांगते, आणि पुढे नाव दिले असता तो कीबोर्ड लावते. म्हणून इन्सर्टलीव्हवर थेट इंग्रजी लावण्याऐवजी आधी चालू कीबोर्डचे नाव त्या फाइलीपुरत्या, म्हणजे बी-कोलनने सुरू होणाऱ्या, चलात साठवा आणि मग इंग्रजी लावा; इन्सर्ट मोडमध्ये शिरताना घडणाऱ्या इन्सर्टएन्टरवर त्या चलात नाव असेल तर तोच कीबोर्ड परत आणा. मग मराठी बातमीच्या फाइलीत मराठी आणि कन्नड अर्जाच्या फाइलीत कन्नड आपोआप येईल, शेजारच्या खिडकीत दोन्ही उघड्या असल्या तरी. आयबसकडून आलेल्या नावाच्या शेवटी ओळ मोडण्याचे चिन्ह चिकटलेले असते, ते ‘ट्रिम’ने काढावे, हे विसरल्यास नाव दिसायला बरोबर असूनही पुढे तंतोतंत जुळत नाही आणि माणूस तासभर डोके धरून बसतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मराठी शब्द शोधायचा असेल तेव्हा कीबोर्ड मराठी हवा आणि कोलननंतरची आज्ञा देताना इंग्रजी हवा, हा पुढचा पेच. तळाच्या आज्ञा-ओळीत शिरताना घडणाऱ्या सीएमडीलाइनएन्टर या घटनेत नमुन्याच्या जागी फाइलीचे नाव नव्हे, तर आज्ञा सुरू करणारे चिन्ह लागते. तेथे तिरकी रेघ दिली की नियम फक्त शोधापुरता चालतो आणि कोलनला स्पर्शही करत नाही. ती ओळ सोडताना घडणाऱ्या सीएमडीलाइनलीव्हवर पुन्हा इंग्रजी लावावे. एक अक्षर बदलणाऱ्या आर या आज्ञेसाठी मात्र अशी घटना हाताशी नाही. मी अशा वेळी आरऐवजी एस वापरतो. एसने अक्षर पुसून इन्सर्ट मोड सुरू होतो, त्यामुळे वरचा नियम लागू पडतो.

प्रश्न : खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मजकूर वाया जाऊ नये, म्हणून फोकसलॉस्ट या घटनेवर सगळ्या फाइली सेव्ह करणारा नियम लिहिला, तरी परवा वीज गेली तेव्हा अर्धे पान गेले. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपण व्हिमची खिडकी सोडून दुसऱ्या खिडकीत गेलात, तरच फोकसलॉस्ट घडते. वीज जाते तेव्हा आपण त्याच खिडकीत लिहीत असता, त्यामुळे नियमाला संधीच मिळत नाही. तो ठेवायचा असेल, तर त्यात ‘नेस्टेड’ हा शब्द घालावा, कारण एका ऑटोकमांडने केलेल्या सेव्हमुळे दुसऱ्या ऑटोकमांड एरवी चालत नाहीत, आणि वर शहापूरच्या वाचकांनी केली आहे तशी प्रत काढण्याची व्यवस्था असल्यास ती गुपचूप वगळली जाते.

तथापि विजेसाठी ऑटोकमांडची गरजच नाही. स्वॅप फाइल, म्हणजे न सेव्ह केलेला मजकूर व्हिम ज्यात तात्पुरता ठेवतो ती फाइल, बंद केलेली नसेल, तर साधारण दर २०० अक्षरांनंतर किंवा टंकन ४ सेकंद थांबले की व्हिम स्वतःच मजकूर तीत उतरवतो, म्हणजे आपले अर्धे पान बहुधा अजून डिस्कवर आहे. ती फाइल पुन्हा उघडताना व्हिमने इशारा दिला असेल आणि आपण घाईने ‘तरीही उघडा’ निवडले असेल. आता व्हिम बंद करून ‘व्हिम’ या आज्ञेपुढे ‘-आर’ आणि फाइलीचे नाव द्या, जो मजकूर परत येईल तो नव्या नावाने सेव्ह करून मूळ फाइलीशी ताडून पाहा, आणि परत आलेला मजकूर ठीक असल्याची खात्री झाल्यावरच एसडब्ल्यूपीने संपणारी जुनी स्वॅप फाइल काढून टाका.