कुणी वावगं बोलत नाही, तरी वंशावरून डावललं जातंय असं वाटतं. हे खरं असतं की मनाचे खेळ?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात शिवी नाही, टोमणा नाही, सगळे हसून बोलतात; तरी महत्त्वाच्या कामाची वेळ आली की वेगळ्या वंशाचे म्हणून तुम्ही बाजूला पडता. असं खरंच होत असेल का, की तुम्हीच जास्त विचार करताय, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या ऑफिसात नेमकं काय चाललंय ते मी इथून सांगू शकत नाही. पण असं घडतं, यात शंका नाही. मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते. या विषयावर वर्गात सगळ्यात जास्त वाद घालतात ती मनाने चांगली मुलं. ‘माझ्या मनात तसलं काही नाही’ असं ती म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. म्हणून मी मनाचा विषय बाजूला ठेवते आणि वागण्याकडे बघायला सांगते.

अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये झालेला आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी नेहमी सांगते. गोऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखती घ्यायला बसवलं. समोर गोरे आणि कृष्णवर्णीय उमेदवार, सगळे आधीच सारखं वागायला शिकवलेले. कृष्णवर्णीय उमेदवार आला की मुलाखत घेणारा खुर्ची जरा लांब घ्यायचा, बोलताना जास्त अडखळायचा आणि मुलाखत लवकर आटोपायचा. अपमान कुणीच केला नाही. मग संशोधकांनी उलट केलं: मुलाखत घेणाऱ्यांना तसंच तुटक वागायला शिकवून समोर गोरे उमेदवार बसवले. त्यांच्या मुलाखती बिघडल्या. म्हणजे आधी समोरच्याला अवघडून टाकायचं आणि नंतर ‘आत्मविश्वास कमी वाटला’ असा शेरा मारायचा. यात अन्याय किती आहे बघा!

सॅम्युएल गार्टनर आणि जॉन डोव्हिडिओ यांनी वर्षानुवर्षं याच प्रकाराचा अभ्यास केला. उमेदवार उघडच चांगला किंवा उघडच कच्चा असेल तर त्यांच्या प्रयोगात भेदभाव दिसला नाही. तो दिसला अधल्यामधल्या उमेदवारांच्या बाबतीत, जिथे निर्णय कसाही घेतला तरी कारण देता येतं. हा प्रयोग १९८९ आणि १९९९ असा दोनदा झाला. मधल्या काळात लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं अधिक उदार झाली होती. मधल्या उमेदवारांचं नुकसान मात्र तसंच राहिलं. पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं की ज्यांचा पूर्वग्रह जास्त, ते निकषांचं वजनच बदलतात. गुण कमी असतील तर गुण महत्त्वाचे, चाचणीत मागे असेल तर चाचणी महत्त्वाची.

तुमची दमणूक खरी आहे, हेही मला सांगायचंय. जेसिका साल्वातोरे आणि निकोल शेल्टन यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांना नोकरीच्या निवडीचे कागद वाचायला दिले. काहींत वर्णभेद उघड होता, काहींत संदिग्ध. नंतर एकाग्रतेची चाचणी घेतली. कृष्णवर्णीयांची कामगिरी जास्त ढासळली ती संदिग्ध कागद वाचल्यावर. उघड भेदभाव निदान ओळखता येतो. संदिग्ध असला की डोकं ‘आहे की नाही’ यातच अडकून पडतं.

एका प्रसंगावरून छडा लावायचा प्रयत्न सोडून द्या, तो लागत नाही. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये नोकरीसाठी सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना जवळपास दीडपट बोलावणी आली. पण त्यातला एकच नकार हातात घेतला तर तो साधा नकारच दिसेल. म्हणून नोंदी ठेवा: तीच चूक दुसऱ्याने केली तेव्हा काय झालं, काम कुणाला मिळालं, त्या वेळी कारण काय सांगितलं. (इंटरनेटवर छुप्या पूर्वग्रहाच्या चाचण्या मिळतात. त्यांवरून एखादा सहकारी कसा वागेल ते ठरवू नका. एका माणसाच्या बाबतीत त्या तेवढ्या भरवशाच्या नाहीत.)

वरिष्ठांशी बोलाल तेव्हा ‘तुम्ही भेदभाव करता’ अशी सुरुवात करू नका, कारण मग चर्चा त्यांच्या मनाच्या शुद्धतेवर जाते आणि तिथेच संपते. पुढच्या कामासाठी निवड कशावर होणार, कोणत्या गोष्टीला किती वजन, हे नावं समोर यायच्या आधी लेखी मागा.