टायटल पेज नाही, म्हणजे पुस्तक फाटकं का?

प्रश्न: मी म्युनिकला राहते, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, आता थोडे पैसे साठलेत. इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात रोमन विचारवंत सिसेरोचं 'डी ऑफिसिइस' (कर्तव्यांवरचा ग्रंथ) बघितलं, व्हेनिसला १४८० च्या दशकात छापलेलं. पण टायटल पेज नाही, पानांना नंबर नाहीत, आणि प्रत्येक भागाचं पहिलं अक्षरच गायब, तिथे रिकामा चौकोन आणि त्यात एक बारकं अक्षर. दुकानदार म्हणतो पूर्ण आहे, मित्र म्हणतो फसवतोय. घेऊ का?

उत्तर: ताई, या तीन गोष्टींवरून तरी दुकानदाराला खोटं ठरवू नका. तेव्हा टायटल पेजची आणि पानांना नंबर द्यायची पद्धत रुळलेलीच नव्हती, आपल्या पोथीत कशी शेवटी पुष्पिका असते, शके अमुक, लिहिणारा तमुक, तसंच इथेही गाव, छापणारा, तारीख हे सगळं बहुतेक वेळा शेवटच्या पानावर, त्याला कोलोफोन म्हणतात, तो आधी वाचा. आणि तो रिकामा चौकोन! छापखानेवाले मुद्दाम जागा सोडायचे, गिऱ्हाईक नंतर चित्रकाराकडून लाल-निळ्या शाईत मोठं अक्षर काढून घ्यायचं, बारकं अक्षर त्या चित्रकाराला खूण म्हणून. तुमच्या प्रतीत ते काम राहूनच गेलं. मला असे चौकोन फार आवडतात, कुणी सांगितलं तरी आज ते रंगवून घेऊ नका.

पण पूर्ण आहे का, हा प्रश्न वेगळाच आणि तोच खरा. पानाच्या तळाशी कोपऱ्यात a2, a3 नाही तर b1 असं काहीतरी दिसेल, त्या बाइंडिंगच्या जुड्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, खुणा. एकेक जुडी मोजा आणि छापील वर्णनाशी ताडून बघा. ब्रिटिश लायब्ररीची इनक्युनॅब्युलाची, म्हणजे १५०१ च्या आधी छापलेल्या पुस्तकांची, सूची आहे, आणि तुमच्या गावातच बव्हेरियन स्टेट लायब्ररी आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या इनक्युनॅब्युला संग्रहांपैकी एक, त्यांनी खूपशी पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवलीत, तीच आवृत्ती मिळाली तर पानाला पान लावून बघता येईल. पहिलं पान कोरं सोडायची पण रीत होती, ते नसेल तर किंमत थोडी उतरते, मजकुराचं काही जात नाही.

एखादं पान दुसऱ्या प्रतीतून आणून घुसवलंय का, हे किडा सांगतो. किड्याचं भोक एका पानावर आहे आणि पुढच्यावर नाही, त्याच्या पुढच्यावर परत आहे, तर मधलं पान बाहेरचं असू शकतं. पान उजेडासमोर धरा, कागदातल्या रेघा शेजारच्या पानांसारख्या दिसायला हव्यात, आणि बोट फिरवलं की छपाईच्या खिळ्यांचा (धातूच्या अक्षरांचा) दाब हाताला जाणवला पाहिजे, नंतर नक्कल करून लावलेल्या पानात तो सहसा नसतो.

पहिल्याच आवृत्तीचा हट्ट मात्र धरू नका. ती १४६५ ची, माइन्झला फुस्ट आणि शोफर यांनी छापलेली (हा फुस्ट म्हणजे गुटेनबर्गला कर्ज देऊन नंतर कोर्टात खेचणारा), ती आपल्या बजेटमध्ये बसणारी नाही. मी स्वतः सुरुवात केली ती सतराव्या शतकातल्या एल्झेविर या डच प्रकाशकांच्या सेनेकापासून (हाही रोमन तत्त्वज्ञ), खिशात मावेल एवढा, आणि आजही तोच जास्त वेळा हातात घेतो.

जुड्या मोजून दुकानदाराकडून तसं लिहून घ्या. पानं कमी निघाली तर किती आणि कुठली ते कळवा, मग घ्यायचं की सोडायचं ते बोलू.