फोटो धूसर येतात, दोष माझ्या तंत्राचा की कॅमेऱ्याचा?

तुम्ही लिहिलंय की घरात काढलेले मुलांचे फोटो धूसर येतात आणि सगळे सांगतात, "कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस, आधी शिक." हे वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. मी ते दोन वर्षं ऐकलं, आणि खरं मानलं.

माझ्याकडे छोट्या सेन्सरचा (चित्र टिपणारी चकती) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा होता आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. फोटो काढायला मोठ्या भावानं शिकवलं. दादाची नजर फार चांगली, पण या बाबतीत मत एकच: नाचता येईना अंगण वाकडे. माझ्या फोटोंत माणसांचे डोळे नेहमी किंचित मऊ, म्हणजे धूसर यायचे. दाखवायला गेलो की तो स्क्रीनवर मोठं करून बघायचा आणि म्हणायचा, "हात हलला." मग मी कोपरं अंगाशी टेकवून उभं राहायला शिकलो, श्वास सोडताना बटण दाबायला शिकलो, शटर उघडं राहण्याचा वेळ १/१०० सेकंदावरून १/२५० आणि तिथून १/५०० वर नेला. डोळे मऊच. "मग फोकस नीट धरत नाहीस." मधला एकच फोकस पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवायला लागलो. डोळे तरी मऊच, आणि कानाजवळचे केस मात्र एकेक मोजावेत इतके स्पष्ट.

उत्तर तिथंच होतं. हात हलला असता तर केसही फिसकटले असते, कारण तेव्हा सगळं चित्र एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. दर वेळी केसच स्पष्ट येतात म्हणजे फोकस दर वेळी मागे पडतोय. हे मला दिसलं नाही, कारण दोष माझा हे आधीच ठरलेलं होतं. त्याच दोन वर्षांत आजी गेली. तिचे मी काढलेले शेकडो फोटो आहेत, डोळे स्पष्ट असलेला एकही नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

नंतर एकदा टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एका ओळीखाली पेनानं रेघ मारली, कॅमेरा ट्रायपॉडवर तिरका लावला. एफ १.८, दोन सेकंदांचा टायमर. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, त्या ओळीवर फोकस करून पाच फोटो, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, पाच, प्रत्येक वेळी फोकस आधी पूर्ण बिघडवून. लाइव्ह व्ह्यूच्या पाचही फोटोंत रेघेची ओळ धारदार. व्ह्यूफाइंडरच्या पाचही फोटोंत तिच्या मागच्या ओळी धारदार. लेन्स तीच, अंतर तेच, आणि कॅमेऱ्याला माझा हात लागलेलाच नव्हता.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर जरा जरी जुळलं नाही, तर फोकस दर वेळी त्याच बाजूला चुकतो. मागे पडला तर त्याला बॅक फोकस म्हणतात. पुढे पडला तर फ्रंट फोकस. काही कॅमेऱ्यांत हे मेनूतून दुरुस्त करता येतं. माझ्यात ती सोय नव्हती, म्हणून बॉडी आणि लेन्स एकत्र सर्व्हिसला दिली. परत आल्यावर पहिल्याच दिवशी डोळे स्पष्ट आले. दादाला दहाही फोटो दाखवले. तो म्हणाला, "एवढं बारीक कोण बघतं?" दोन वर्षं बारीक बघून चुका काढणारा तोच होता.

कॅमेऱ्यानं काही फरक पडत नाही, हे मी बहुतेकदा चांगल्या लेन्स बाळगणाऱ्यांकडूनच ऐकलंय. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ वर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ वर तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे घरातल्या दिव्यात त्याच आयएसओला (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) तुम्हाला १/२० सेकंदाचं शटर मिळत असेल, तर १.८ वर १/२०० मिळेल. धावत्या मुलाला १/२० वर थांबवणारं तंत्र कुणाकडेही नाही, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, मुलाची धाव सांभाळत नाही.

म्हणून तुमचे फोटो आधी मोठे करून बघा. भिंत स्पष्ट आणि मूल फिसकटलेलं असेल तर शटर कमी पडलंय, आयएसओ बिनधास्त वाढवा. फोटोत कुठंच काही स्पष्ट नसेल तर लेन्स पुसा, तिच्यावरचा स्वस्त फिल्टर काढा, मग पुन्हा काढून बघा. फोकस कधी पुढे, कधी मागे चुकत असेल तर ती चूक बहुधा आपली. एकाच बाजूला चुकत असेल तर वर्तमानपत्र पसरा.

हेही सांगायला हवं की मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात मुख्य सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे माझ्यासारखी भानगड तिथं सहसा होत नाही. आणि छोट्या सेन्सरवर, ५० मिलिमीटरला एफ १.८ वर, दीड मीटरवरून जेमतेम ६ सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. फोकस करून तुम्ही किंचित पुढे झुकलात तरी डोळा जातो. माझ्या दुरुस्तीनंतरच्या फोटोंतही असे बरेच आहेत, आणि ते माझेच.

चाचणीच्या फाइल्स पुसू नका. सर्व्हिसला देताना लागतात, आणि घरात कुणी अंगणाची म्हण ऐकवली तर समोर ठेवता येतात.