रविवार कोणी दिला?

प्रश्न : बाई, दर दहा जूनला आमच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आजच्या दिवशी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे देशाला रविवारची सुट्टी मिळाली’ असा संदेश फिरतो. माझे मेव्हणे म्हणतात, इंग्रजांना चर्चला जायचं असायचं म्हणून सुट्टी, लोखंडे वगैरे नंतर चिकटवलेलं. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मेव्हणे निम्मे बरोबर आहेत, आणि निम्मा बरोबर असलेला माणूस पंगतीत फार ताप देतो. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासूनच बंद असत, त्या साहेबाच्या चर्चमुळेच. पण गिरणी म्हणजे कचेरी नव्हे. मुंबईतल्या बहुतेक गिरणीमालकांना रविवारी चर्चला जायचं नव्हतं, आणि कामगारांना तर नव्हतंच. उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. विजेचे दिवे आले नव्हते म्हणून संध्याकाळी तरी सुटका. मुंबईत मे महिन्यातला दिवस डिसेंबरपेक्षा दोन तासांनी मोठा असतो, हे भूगोलात शिकवताना मला नेहमी गिरणी आठवायची. रविवारी साचे, म्हणजे गिरणीतले माग, थांबले तरी ते पुसायला माणसं बोलवत, त्यात अर्धा दिवस जाई. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा लहान मुलांच्या तासांबद्दल आणि सुट्ट्यांबद्दल बोलत होता. मोठ्यांच्या सुट्टीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

लोखंडे रेल्वेत, मग टपालखात्यात नोकरी करून मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले, म्हणजे आतला माणूस. जोतीरावांच्या सत्यशोधक मंडळींपैकी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधू’ १८८० पासून ते मुंबईतून चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या अशा : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याची सोय.

सगळ्यांना रविवार आठवतो, मला पंधरा तारीख आठवते. माझे वडील लालबागला साचेखात्यात होते. आमच्याकडे पगार दहाला यायचा. सात-आठ तारखेला डब्यांचे तळ दिसायला लागले की आई वाण्याकडे मला धाडायची, कारण लहान मुलीसमोर उधारीची वही उघडून ‘नाही’ म्हणणं त्याला जड जाई. मी पावशेर डाळ घेऊन येताना मागे न बघता चालायची. ज्या माणसाने पगाराची तारीख सरकारी अर्जात लिहिली, त्याला ही वही माहीत होती.

तो अर्ज तसाच राहिला. मग १८८९ ला आणखी एक. २४ एप्रिल १८९० ला दहाएक हजार कामगारांची सभा झाली, आणि तिथे दोन कामगार बायका उठून बोलल्या. ध्वनिक्षेपक नव्हता, हे लक्षात घ्या. त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. तेव्हा तुमच्या गटावरचा संदेशही थोडा दुरुस्त करा : ‘देशाला’ नव्हे, मुंबईच्या गिरणी कामगारांना. आणि ‘मिळाली’ हे क्रियापद काढा. मिळते ती लॉटरी. इथे सहा वर्षं अर्ज चालले होते.

रविवार खंडोबाचा वार म्हणून मागितला, असंही सांगतात. घाटावरून आलेल्या माणसांना तो वार जवळचा होता, हे खरंच. पण मेव्हण्यांना खंडोबा सांगू नका, ते लगेच चर्चवर येतील.

जाता जाता एक. लोखंड्यांची ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही देशातली पहिली कामगार संघटना म्हणतात. १८९२ च्या फॅक्टरी अहवालात एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे फक्त येईल त्या कामगाराला सल्ला देतात. त्याने ते कमीपणा म्हणून लिहिलंय.

प्रश्न : विधवांचं केशवपन करायचं नाही असा न्हाव्यांचा संप सावित्रीबाईंनी पुण्यात घडवला, असं एका व्याख्यानात ऐकलं. दुसरीकडे लोखंड्यांचं नाव वाचलं.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : लोखंड्यांचं नाव बरोबर आहे. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली, त्यामागे ते होते. म्हणजे ज्या वर्षी रविवार, त्याच वर्षी हे. जोतीराव तेव्हा पक्षाघाताने खिळले होते आणि त्याच नोव्हेंबरात गेले. फुले दांपत्याचं विधवांसाठीचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह, आणि तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत, जो त्यांनी दत्तक घेतला. ते एवढं मोठं आहे की त्यात दुसऱ्याचा संप आणून घालायची गरज नाही.

या सभेबद्दल बोलताना आपण सुधारकांचं कौतुक करतो आणि न्हाव्याला विसरतो. केशवपन एकदा करून भागत नसे, केस वाढले की पुन्हा बोलावणं. म्हणजे कायमचं गिऱ्हाईक. नाही म्हणायचं तर त्या घरातल्या पुरुषांची हजामतही जाण्याची भीती. तरी काहीशे माणसं धोकटी खाली ठेवून म्हणाली, हे पाप आम्ही करणार नाही. ज्यांच्या घरात विधवा होत्या त्यांनी आधी म्हणायला हवं होतं ते वस्तरा धरणाऱ्यांनी म्हटलं.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगने गेले, सावित्रीबाई १० मार्चला. दोघेही रोग्यांच्या सेवेत होते.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या मुली सावित्रीबाईच घेतात. मला दुसरं कोणीतरी सांगा. वेळ पाच मिनिटं.
– एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : ताराबाई शिंदे घे. तुझ्या शेजारच्याच बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, आपलं मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी केली गेली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने सगळ्या बायकांनाच झोडपलं. ताराबाईंनी उत्तर म्हणून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये पुण्यात छापलं, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टीका झाली तेव्हा जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. मग पुस्तक विसरलं गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

‘थोर’, ‘महान’, ‘क्रांतिज्योती’ हे शब्द गाळ, त्यातच एक मिनिट वाचेल. सुरुवात जन्मापासून करू नकोस, सुरतेच्या कोर्टापासून कर. आणि ताराबाईंची दोन वाक्यं पुस्तकातूनच पाठ कर, माझ्याकडून नको. त्यांची भाषा तिखट आहे. परीक्षक चुळबुळले तर थांबू नकोस.