पेटीत सापडलेला जुना फोल्डिंग चाकू, पात्यावर ‘रोस्टफ्राय’ लिहिलंय, हा जर्मन आहे का?

भाऊ, जर्मन नाही. स्विसही नाही, आणि कमेंटमध्ये एक जण रामपुरी म्हणून राहिला तो तर मुळीच नाही. तुमचे तिन्ही फोटो मोठे करकरून पाह्यले, माझं मत असं आहे की हा आपल्याच देशात एखाद्या छोट्या कारखान्यात हातानं बनलेला कलम चाकू आहे, म्हणजे डोळे भरायचा (एका झाडाचा डोळा, म्हणजे कळी, दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा) चाकू, आणि तुम्ही संत्र्याच्या पट्ट्यातल्या वरुडकडचे म्हणता, मंग तर तो तुमच्या आबाजींच्या पेटीत निघाला यात काहीच नवल नाही.

हे मी कशावरून म्हणतो तर तुम्ही लिहिलं की मांगच्या टोकाले पितळेची एक बोथट जीभ आहे, बहुतेक दुसरं पातं तुटलं असेल. तुटलेलं नाही ते! ती साल उचलायची पट्टी आहे, आणि सगळ्यात मोठी खूण तीच आहे. आमच्या घरची संत्र्याची नर्सरी आहे, थंडीत डोळे भरायचं काम चालते तेव्हा ही जीभ दिवसभर हातात असते. जंबेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) खुंटावर, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधायचं त्याच्यावर, जमिनीपासून वीतभर वर इंग्रजी टी सारखा काप द्यायचा, फक्त सालीपुरता, आतलं लाकूड कापायचं नाही. मंग चाकू उलटा करायचा आणि ह्या जिभेनं कापाच्या दोन्ही कडांची साल अलगद सोडवायची, खाली ओलसर गुळगुळीत थर दिसते, त्याच्यावरच डोळा जुळणार असते. डोळकाडीवरून, म्हणजे चांगल्या झाडाच्या डोळे असलेल्या काडीवरून, काढलेला डोळा त्या सालीत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचं. साल जर धारेनं उचलली तर तो थरच कापल्या जाते आणि डोळा मरते, म्हणून जीभ बोथट लागते. पितळेची काहून, तर रोज चिकाच्या ओलीत राहूनही ती गंजत नाही आणि घासून आरशासारखी गुळगुळीत करता येते. तुमच्या फोटोत जिभेचं टोक एका बाजूनं झिजलेलं दिसते, म्हणजे हा चाकू नुसता पेटीत पडून नव्हता, चांगला वापरलेला आहे.

आता हा आकार मूळ युरोपचाच आहे हे खरं. स्वित्झर्लंडमधल्या इबाखची व्हिक्टोरिनॉक्स आणि जर्मनीतल्या रॉयटलिंगेनची टिना, दोघंही कलमाचे चाकू बनवतात आणि आपल्याकडचे त्याच घडणीवरून उतरवलेले. पण आकारावरून गाव ठरवू नका, बनावट पाहा. त्यांच्या चाकूवर पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि बहुतेक करून देशही ठसठशीत असते. जुन्या व्हिक्टोरिनॉक्सवर नाव, स्वित्झर्लंड आणि त्याखाली स्टेनलेस, रोस्टफ्राय असं येते. तुमच्यावर नाव नाही, देश नाही, फक्त शेवटचा शब्द. आणि अक्षरं पाहा नीट, एक वर एक खाली, आर जास्त खोल आणि शेवटचा आय नुसता टेकलेला, म्हणजे एकेक अक्षराचा पंच ठेवून हातोडीनं ठोकलंय. मोठ्या कारखान्यात पूर्ण मजकुराचा एकच ठसा असते, तिथं असं होत नाही. चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर सोलिंगेन, त्याचं नाव तर 1938 पासून जर्मनीत कायद्यानं राखलेलं आहे, तिथला माल असता तर त्यांनी ते नाव पहिले टाकलं असतं.

त्याच्यापेक्षा पक्का पुरावा पात्याचा रंग. रोस्टफ्राय म्हणजे जर्मन भाषेत न गंजणारं, आणि तुमचं पातं पूर्ण करडं-काळं पडलंय. स्टेनलेसले ओल लागली तर कुठं कुठं ठिपके येतात, पण असा एकसारखा काळा पडदा कार्बन स्टीललाच, म्हणजे गंजणाऱ्या साध्या पोलादालाच, येते. खात्री करायची असेल तर मुळाजवळ थोडीशी जागा साफ करून तिथं लिंबाचा एकच थेंब ठेवा, थोड्याच वेळात डाग पडला तर कार्बन स्टील, मंग लगेच पुसून तेल लावा. कार्बनच्या पात्यावर रोस्टफ्राय कोणती जर्मन कंपनी ठोकणार नाही हो. ज्यानं ठोकलं त्यानं विदेशी चाकूवरून शब्द उचलला, गिऱ्हाईकाले भारी वाटावं म्हणून.

चायनाचा असेल का? तिकडं ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग हे चाकू-कात्र्यांचं मोठं केंद्र आहे, आणि आयातीवरची कोट्याची बंधनं 2001 मध्ये उठल्यावर आपल्या बाजारात तो माल लय आला. पण तो मशीनचा, सगळे भाग एकसारखे, पातं बहुतेक स्टेनलेस, छाप वरवर छापलेला. तुमच्या चाकूच्या मुठीवरच्या पिना लोखंडी आहेत, डोकी हातानं ठोकून पसरवलेली, दोन सारख्या नाहीत, आणि पाठीच्या स्प्रिंगवर कानशीचे आडवे ओरखडे आहेत. पाकिस्तानातलं वझिराबादही चाकूंसाठी नावाजलेलं आहे, पण एवढ्या साध्या बागकामाच्या चाकूसाठी तेवढं लांब जायची गरज मले दिसत नाही. रामपुरीचं म्हणाल तर त्याचं पातं लांब निमुळतं असते आणि उघडल्यावर लॉक बसते, तुमचा तर नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहते. आपल्याकडे मेरठ, रामपूर, कच्छात अंजार आणि रेहा, अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या हे काम चालते, पण तुमच्या चाकूवर गाव सांगणारी एकही खूण नाही, म्हणून एखादं नाव घेऊन कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका.

किमतीचं विचारलं, तर विकायले नेला तर काही येणार नाही, आणि रोस्टफ्राय पाहून कोणी जर्मन म्हणून भाव करत असेल तर त्याचाही भरवसा नको. पण चाकू चांगला आहे. कार्बन स्टीलले धार लवकर लागते आणि डोळे भरायच्या कामात आजही तोच बरा वाटते मले. एक काम करा, पॉलिश पेपर मारू नका, अक्षरं जातील आणि पातंही पातळ होईल. सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हळूहळू उघडझाप करून काळं निघेल ते फडक्यानं पुसा. धार लावायच्या आधी पातं आडवं धरून पाहा, कलमाच्या पुष्कळ चाकूंना एकाच बाजूनं उतार असते आणि दुसरी बाजू सपाट, तसं असेल तर उताराची बाजूच घासा, सपाट बाजू दगडावर फक्त टेकवून काटा, म्हणजे धारेवर वळलेली बारीक कड, काढायचा.

आणि शेंदुरजना घाटकडं कोणी ओळखीचं म्हातारं माणूस असेल तर त्यांना एकदा दाखवा, तिकडं घरोघरी नर्सऱ्या आहेत, असे चाकू कोणत्या दुकानातून यायचे हे त्यांच्यापैकी कोणाले तरी आठवत असेल. तेल घालून झाल्यावर पातं अर्धं उघडून मुठीच्या आतल्या पत्र्याचा एक फोटो टाका इथं, पत्रा पितळेचा आहे की लोखंडी ते पाहून सांगतो.