भुज हादरलं, मग मुलुंडचा पंखा का हलला?

प्रश्न: 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला तेव्हा आम्ही मुलुंडला सातव्या मजल्यावर राहत होतो, पंखा चांगलाच झुलत होता आणि खाली वॉचमनला काहीच जाणवलं नव्हतं. इतक्या लांबून हादरा येतो कसा? आणि लांबचा भूकंप म्हणजे मुंबईला धोका नाही असं धरायचं का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही हो, असं अजिबात धरू नका. भुज मुंबईपासून 500 किलोमीटरच्या पुढे आहे. लाट पसरत जाते तसा तिचा जोर कमी होतो हे खरं, पण वाटेतला खडकही दर हेलकाव्याला थोडी ऊर्जा खातो आणि भेगा लागल्या की लाट भलतीकडेच पांगते, आणि हे सगळीकडे सारखं नसतं. जुना, थंड, एकसंध खडक असेल तर लाट लांबवर टिकते, गरम आणि तुटकाफुटका असेल तर लवकर विरते. 2011 चा व्हर्जिनियाचा भूकंप फक्त 5.8 चा, तरी कॅनडापर्यंत जाणवला, कॅलिफोर्नियात तेवढाच झाला तर इतक्या लांब जात नाही.

कुठला खडक लाट किती खातो याचे नकाशे बनतात. भूकंपाच्या एकाच रेषेत दोन स्टेशनं, म्हणजे भूकंप मोजायची केंद्रं, घ्यायची, पुढच्या स्टेशनवर लाट किती बारीक झाली ते बघायचं आणि त्यातून अंतरामुळे झालेली घट काढून टाकायची, उरलं ते मधल्या खडकाचं. पण गोची अशी की पुढचं स्टेशन मऊ मातीवर असलं तर तिथे लाट फुगते आणि मधला खडक लाट टिकवणारा आहे असं उगाच वाटतं. म्हणून जमलं तर रेषेच्या दोन्ही टोकांकडचे भूकंप घेतात, म्हणजे मातीचा परिणाम कटतो. मला यातलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं. असे ढीगभर मार्ग एकमेकांना छेदले की चौकोना-चौकोनाने नकाशा भरत जातो.

आता तुमचा पंखा. विसर्जनाचा डीजे लांब गेला की फक्त धडधड ऐकू येते ना, तसंच इथे जलद कंपनं आधी मरतात आणि संथ हेलकावे उरतात. उंच बिल्डिंगची स्वतःची डुलायची चालही संथच, त्यामुळे वरचे मजले त्यांना जास्त साथ देतात, वॉचमनच्या पायाखाली मात्र काही कळत नाही.

त्यात मुंबईत भरावाची, चिखलाची जमीन बरीच आहे आणि 1967 ला जिथे भूकंप झाला ते कोयना तर साधारण 200 किलोमीटरवरच आहे. तेव्हा टॉवरमध्ये फ्लॅट बघत असाल तर बिल्डरकडे माती तपासणीचा रिपोर्ट मागा, आणि भूकंपाचं डिझाइन कुठल्या जमिनीसाठी धरलंय तेही विचारा.